गाभण्यांचा दगड

गेले आठ दिवस माझ्या स्वयंपाकघराचं दार आपटतंय. अक्कलकोट रोडच्या बाजूनं वारा येतो, त्याच्याबरोबर यंत्रमागांची खडखड येते, सुताची बारीक धूळ येते आणि दार चौकटीवर आदळतं. मागच्या हिवाळ्यात या दाराखाली मी एक बाभळीचं लाकूड सरकवून ठेवत होते. आता ते दाराखाली जात नाही. फुगलंय.

हातभर लांब, एका टोकाला निमुळतं, दुसऱ्या टोकाला मुठीत मावेल असं. गावाकडं त्याला गुडदी म्हणतात, म्हणजे बूच. मंगळवेढ्याच्या पुढं आमचं गाव, गावाच्या वरच्या अंगाला गायरान आणि गायरानाच्या मधोमध तळं. तळ्याच्या बांधाला दोन बाजूंना दोन दगडी डोणी, जनावरांनी पाणी प्यायच्या. तळ्यातून बांधाच्या पोटातून खापरी नळ यायचा आणि डोणीच्या कपाळावर उघडायचा. त्या भोकात ही गुडदी. ती उपसली की पाणी, ठोकली की बंद. एवढंच. ती माझ्या आईच्या हातात असायची. आईला मी आणि सगळं गाव आक्का म्हणायचं. वडील सोलापूरला गिरणीत होते, आणि जनावरांच्या पाण्याचं काम आजोबांच्या मागं आमच्याच घरात राहिलं होतं.

हे लाकूड नाकाशी नेलं की अजून वास येतो. ओल्या दगडाचा, शेवाळाचा, त्याच्या खाली मेंढरांच्या लोकरीचा तुपकट वास. फ्लॅटमध्ये तो वास बरा वाटत नाही. खिडकी उघडावी लागते, आणि खिडकी उघडली की दार आपटतं.

सकाळी दहाच्या सुमाराला आक्का गायरानात जायची. कमरेला पदर खोचलेला, हातात एक गोल धोंडा. गुडदीला धोंड्यानं दोन्हीकडून दोन ठोके द्यायचे, मग पिळून ओढायची. आधी एक गुरगुर, मग पाण्याची जाड दोरी डोणीत पडायची. तो आवाज माळावर लांब जात असावा, कारण लगेच चहूकडून घंटा सुरू व्हायच्या. गाईंच्या जड, शेळ्यांच्या पोकळ, मेंढरांच्या तर भांडी विसळल्यासारख्या. टिटव्या ओरडत उठायच्या. आधी मेंढरं, मग शेळ्या, मग गाई-बैल. म्हशी सगळ्यांच्या शेवटी, कारण म्हैस पाणी पिऊन थांबत नाही, डोणीत बसायला बघते. तळ्यात कुठल्याच जनावरानं उतरायचं नाही. तळं वरचं, डोण खालची. माणसांनाही तिथं कपडे धुवायची बंदी होती.

एका वेळी एकच डोण चालू असायची. दुसऱ्या डोणीचं भोक आक्का चिंध्या आणि शाडूनं लिंपून टाकायची. लहानपणी मला वाटायचं, हा तिचा कंजूषपणा आहे. मोठी झाल्यावर कळलं की ती पाणी नाही, गवत सांभाळत होती. जनावर पाण्याच्या आसपासच चरतं. पूर्वेची डोण उघडी असली की पूर्वेचा माळ खाल्ला जायचा आणि पश्चिमेला मारवेल गवत गुडघ्याएवढं वाढायचं. दोन महिन्यांनी उलटं. माळाला कुंपण नव्हतं, राखण्या नव्हता. एक गुडदी होती.

आणि तीन दगड होते.

तळ्याच्या आतल्या उतारावर, एकाखाली एक, पुरुषभर लांबीचे तीन काळे दगड बसवलेले. कुणी बसवले ते कुणाला माहीत नव्हतं. पाणी उतरत जाऊन वरचा दगड उघडा पडला की म्हशींचं पाणी बंद. त्यांनी गावातल्या आडावर जायचं. तो म्हशींचा दगड. दुसरा उघडा पडला की बाहेरगावचे कळप बंद. तो पाव्हण्यांचा. आणि तिसरा, बहुतेक होळीच्या सुमाराला उघडा पडणारा, गाभण्यांचा. त्याच्या खालचं पाणी फक्त गाभण आणि नुकत्या व्यालेल्या जनावरांना. बाकीच्यांनी कुठं जायचं ते त्यांच्या मालकांनी बघायचं.

आक्काची स्वतःची म्हैस होती. वरचा दगड उघडा पडला त्या दिवशी ती आपल्या म्हशीला पहिल्यांदा हाकलायची, सगळ्यांना दिसेल असं. तरी लोक बोलायचेच. एकदा एका शेतकऱ्यानं चार म्हशी डोणीला लावल्या. आक्कानं गुडदी ठोकली.

"शांताक्का, तुझ्या बापाचं पाणी हाय व्हय?"

"बापाचं असतं तर पाजलं असतं की तुला. गावाचं हाय म्हणून न्हाय."

तो गेला. जाताना शिव्या देत गेला, पण म्हशी घेऊन गेला.

उन्हाळ्यात तळं आटायचं. आटणारच, ते कधी समुद्र नव्हतं. पण आटल्यावरचे आठ-दहा दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात. आक्का रोज अनवाणी तळ्याच्या बुडात उतरायची आणि टाच दाबून बघायची. टाच रुतली तर अजून वेळ आहे. टाच नुसती उमटली की ती बांधावरून हाक मारायची, "सिदाऽऽ, आन रं!"

सिदामामा धनगर. गावातला सगळ्यात मोठा कळप त्याचा. तो आणि दुसरे दोन-तीन कळपवाले मेंढरं घेऊन तळ्यात उतरायचे, भोवती वाघूर लावायचे, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, आणि आठ दिवस मेंढरं तिथंच. शेकडो खुरं त्या ओलसर मातीवर दिवसभर नाचायची. लेंड्या आणि मूत मातीत मिसळायचं. आज इथं, उद्या शेजारी, असं वाघूर सरकवत अख्खं बूड तुडवून व्हायचं. आम्ही पोरंही नाचायचो. पायाला ती माती भाकरीच्या मळलेल्या पिठासारखी लागायची, गार आणि चिवट. आठ दिवस वास इतका उग्र असायचा की जेवताना बोटांना यायचा. सिदामामाची बायको ताकातली आंबील मोठ्या घागरीतून आणायची आणि आम्ही त्याच हातांनी ती प्यायचो.

त्या दिवसांत शेतकरी सिदामामाच्या मागं असायचे. मेंढरं आमच्या रानात बसव, खत होईल, पोतंभर ज्वारी घे. तो म्हणायचा, "आदी तळ्याचं. मग तुमचं." तळ्याचं त्याला कुणी काही देत नव्हतं.

आठ दिवसांनी मेंढरं वर निघाली की तळ्याचं बूड तव्यासारखं दिसायचं. काळं, घट्ट, चकाकणारं. त्यावर आक्का तांब्याभर पाणी ओतायची आणि बसून राहायची. पाणी जागचं हललं नाही की उठायची. हे ती का करते, मी कधी विचारलं नाही. घरातल्या बायका जे रोज करतात त्याचं कारण पोरी विचारत नाहीत. मी तरी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मी बारावी झाले, पंचविशीला आले. माझं अक्षर चांगलं होतं आणि गावातले सगळे अर्ज माझ्याकडून लिहून घेतले जायचे. त्या वर्षी तळं संक्रांतीलाच आटलं. तिन्ही दगड महिन्याभरात उघडे पडले. लोक आमच्या ओसरीवर येऊन बसले. तळं गाळानं भरलंय, मशीन आणून खोल केलं पाहिजे. मला पटलं. मी बांबू घेऊन स्वतः खोली मोजली, कागदावर आकृती काढली. पुरुषभर जास्त खोल म्हणजे किती महिने जास्त पाणी, हिशेब सोपा होता.

आक्का भाकरी थापत होती. म्हणाली, "नळाच्या खालचं पाणी डोणीत कसं येणार?"

"मोटार बसवू."

"आन बूड?"

"बुडाचं काय? माती काढली की खाली माती."

"खाली मुरूम हाय."

"तुला काय माहीत? तू कधी खणून बघितलंस?"

तिनं भाकरी उलथली. मी तिच्यासमोर बसून अर्ज पुरा केला. "गाळ काढून तळे खोल करण्यात यावे." अक्षर माझं होतं, कल्पनाही माझीच होती. आज कुणी दुसऱ्यावर ढकलायला गेलं तर मी ढकलू देणार नाही.

गावसभेत विरोधात एकटा सिदामामा उठला. "बाई, तू शिकलेली हायस. पर ते तळं खणलेलं न्हाय, तुडिवलेलं हाय. तू खणलंस की फुटतंय बग."

मागून कोणीतरी म्हणालं, "सिद्याला भ्या वाटतंय, मेंढरं बुडतील म्हणून." सगळे हसले. मीही हसले.

उन्हाळ्यात मशीन आलं. तीन दगड पहिल्याच दिवशी उपटून बाजूला पडले. काळी माती ट्रॅक्टर भरभरून निघाली, आणि तेव्हा मला कळलं की ओसरीवर येऊन बसलेले लोक पाण्यासाठी आले नव्हते. गाळ फुकट होता. ज्याच्या-त्याच्या रानात तो जाऊन पडला. आमच्याही दोन एकरांत पडला. मीच सांगून टाकून घेतला. कुणी का सोडावा?

पावसाळ्यात तळं भरलं. इतकं खोल, इतकं निळं पाणी गावानं बघितलं नव्हतं. लोकांनी मला पेढे दिले. तेराव्या दिवशी तळाशी पिवळा मुरूम दिसायला लागला. गणपती बसले तेव्हा तळ्यात पोरं क्रिकेट खेळत होती.

 एका सकाळी दहा वाजता आक्का गायरानात गेली नाही. गुडदी धुतली, पुसली आणि माळ्यावर टाकली. पुढच्या वर्षी आमच्या रानात शाळू असा आला की माणूस आत दिसू नये. टपोरी कणसं, मोत्यासारखा दाणा. पहिली भाकरी ताटात पडली तेव्हा मी म्हणाले, "चव चांगलीय."

आक्का म्हणाली, "तळं हाय ते. गप गिळ."

पुढं मी सोलापूरला आले. टॉवेलच्या कारखान्यात मोजणी आणि पॅकिंगचा विभाग माझ्याकडं आहे. चाळीस बायका माझ्या हाताखाली काम करतात, माल वेळेवर निघतो. गावी जायचे ते सणाला. दरवेळी गायरानातल्या घंटा कमी झालेल्या असायच्या. डोण कोरडी, डोणीत कुसळी गवत. म्हशींचा दगड हातपंपाशी कपडे धुवायला गेला, पाव्हण्यांचा कुणाच्या तरी उंबऱ्यापुढं पायरी म्हणून बसला. बिचारा पाव्हण्यांच्याच कामी आला. सिदामामाचे दोन्ही मुलगे ट्रकवर गेले. कळप सुनेकडं राहिला, कमलकडं. पस्तीस मेंढरं.

मागच्या दिवाळीत आक्का गेली. घर आवरताना माळ्यावर गुडदी सापडली. सोलापूरला आणली, कारण इथं दार आपटत होतं आणि लाकूड मापाचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

फाल्गुनात सिदामामाचा फोन आला. "बाई, गुडदी हाय का तुज्याकडं?"

"आहे. का?"

"कमल मेंढरं इकतीया. टँकरच्या पाण्यावर मेंढरं होत न्हाईत म्हनती. मी म्हनलं, तळं तुडवून बगू. ती म्हनती, संक्रांतीपर्यंत पाणी टिकलं तर ठेवते. तू गाळ दे. बाकीचं मी बगतो."

मी गेले. दहा दिवसांची रजा टाकली, ट्रॅक्टर ठरवला आणि आमच्या दोन एकरांतली वरची काळी माती खरवडून काढली. शेजाऱ्यांच्या दारात गेले. तुमच्यातलीही थोडी द्या म्हणाले. एकानं चहा पाजला. एकानं डाळिंबाची बाग दाखवली आणि विचारलं, "ताई, झाडं उपटू का आता?" माती फक्त आमचीच निघाली. सगळं तळं भरणं शक्य नव्हतं. नळाच्या तोंडाजवळचा कोपरा धरला, आत छोटा बांध घातला आणि तेवढ्यातच नळाच्या उंचीपर्यंत माती ओतली. टँकरनं ती भिजवली. मी चप्पल काढून टाच दाबून बघितली. रुतली. दुसऱ्या दिवशी उमटली.

मेंढरं खाली उतरेनात. पूर्वी तळ्यात उतरलेलं एकही मेंढरू आता जिवंत नव्हतं. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी प्यायलेली मेंढरं ती. बांधावर एकमेकांत तोंडं खुपसून उभी राहिली. शेवटी सिदामामा काठी टेकत स्वतः खाली गेला, मधोमध उभा राहिला आणि जिभेनं टर्र्र केलं. मग एक मेंढी आली आणि तिच्या मागं सगळ्या.

बांधावर मोबाईल धरून गाव उभं होतं. एक पन्नाशीचा गृहस्थ म्हणाला, "ताई, आदी उकरलंत, आता बुजवताय. एकदाच काय ते ठरवा की."

"उकरलं तेव्हा तू कुठं होतास?"

"मी? रानात. गाळ पसरत हुतो."

लोक हसले. तोही हसला. खोटं तर बोलत नव्हता.

पस्तीस मेंढरांनी तेरा दिवस तो कोपरा तुडवला. मी चार दिवस बघितलं, उरलेलं मामानं फोनवर सांगितलं. निघताना गुडदी भोकात घालून बघितली तर डगडग हलत होती. बाजूनं बोट जाईल एवढी फट. इतकी वर्षं कोरडी पडून ती आकसली होती. मामा म्हणाला, "चिंधी गुंडाळतो. भिजली की धरंल." उरलेला तिसरा दगड, गाभण्यांचा, लिंबाखाली पडला होता. तो त्यानं चौघांना लावून उचलून आणला आणि आतल्या उतारावर अंदाजानं बसवला. मी विचारलं, "बाकीचे दोन?"

"म्हशी न्हाईत. पाव्हणं न्हाईत. एक बास."

पावसाळ्यात मी रोज फोन करायचे, जेवणाच्या सुट्टीत, मशीन बंद असतात तेव्हा. मामा माप सांगायचा. कंबर. कंबर. पोळ्याला, "मांडी हाय, पर निवळशंख हाय बग. गुडदी फुगली, थेंब गळत न्हाय." एकदा त्यानं फोन डोणीजवळ धरला. आधी गुरगुर ऐकू आली, मग पाणी पडल्याचा आवाज, मग घंटा. थोड्याच. मी डबा तसाच ठेवून ऐकलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण हाय ओ?" मी म्हणाले, "गावाकडचं आहे."

दसऱ्याला गुडघा. मग मामा माप सांगेना. मी विचारलं की म्हणायचा, "हाय, हाय." दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी सकाळची एसटी धरली.

दगड उघडा पडला होता. नुसता उघडा नाही, त्याच्या खाली वीतभर ओल आणि त्याच्या खाली भेगा. कोपऱ्याचं काम चुकलं नव्हतं. बूड घट्ट होतं, मी टाचेनं बघितलं. पाणी कडेनं गेलं होतं, जिथं माझा बांध जुन्या खणलेल्या मुरमाला टेकला होता तिथून. खणलेलं अख्खं तळं बाजूला तोंड उघडून बसलेलं, ते या एवढ्याशा कोपऱ्याला किती दिवस जगू देणार होतं?

कमल वाघूर गुंडाळत होती. काळी, काटक बाई, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. मला बघून थांबली नाही.

"ताई, तुमचं तळं दिवाळीपतोर पुरलं. खोटं कशाला बोलू, लई पुरलं. पर मेंढराला संक्रांतीच्या फुडंबी तहान लागती की."

"किती राहिलीत?"

"चोवीस. बुधवारी तीबी जातील."

"आणि गाभण्या?" अकरा होत्या, मामानं फोनवर सांगितलं होतं.

"त्या पयल्याच दिवशी गेल्या. गाभण्यांना गिऱ्हाईक आदी मिळतं."

सिदामामा लिंबाखाली बसला होता. त्यानं हे ऐकलं आणि दगडाकडं बघितलं. मीही बघितलं. आक्काच्या तळ्यावर सगळ्यांचं पाणी तुटायचं आणि गाभण्यांचं शेवटपर्यंत राहायचं. बाजारात त्या सगळ्यांच्या आधी गेल्या.

मी म्हणाले, "मामा, त्या अर्जावर मी—"

"मला ठावं हाय. मी हुतो की तितं." त्यानं काठी हातात घेतली आणि कष्टानं उठला. डोणीशी जाऊन गुडदीला दोन्हीकडून दोन ठोके दिले, पिळली, ओढली. नळातून काही आलं नाही. एक बेडूक आला. मामानं गुडदी धोतराला पुसून माझ्या हातात दिली. जड होती, ओल्या लाकडाची. "घेऊन जा. तुझं दार आपटतंय म्हनत हुतीस न्हवं?"

एसटीत ती मी मांडीवर घेऊन बसले. साडीला ओला डाग पडला. घरी येऊन दाराखाली सरकवली तर बोटभर जाड निघाली, जाईना. तासून घेता आली असती, रंधा शेजारच्या सुताराकडं आहे. तासली नाही. खिडकीत उन्हाला ठेवली आणि रोज कामावरून आल्यावर लावून बघायला लागले. सोमवारी जेमतेम टोक गेलं. परवा अर्धी गेली. वास कमी होत चाललाय.

आज सकाळी ती दाराखाली नीट बसली. दार आपटायचं थांबलं.